रनवाले सर

"तुझ्या त्या सरांना एकच शब्द येतो, आणि तोच ते वर्षभर पुरवून पुरवून शिकवतात," असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. त्यांच्या म्हणण्यात खोटं काहीच नव्हतं. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर सरांचा इंग्रजी बोलायचा क्लास होता आणि त्या क्लासात 'रन' हा एकच शब्द शिकवला जायचा. शेजारीपाजारी मोठमोठे बोर्ड होते, महिन्याभरात फाडफाड इंग्रजी, टाय लावलेल्या पोरांचे फोटो वगैरे. सरांच्या दारावर नुसतं 'इंग्रजी' लिहिलेलं, तेही बहुतेक स्वतःच रंगवलेलं, कारण शेवटच्या अक्षराला जागा पुरली नव्हती. रिक्षावाल्याला सरांचं नाव सांगून उपयोग नसायचा. "रनवाले सर" म्हटलं की बरोबर दारात सोडायचा.

मी तिकडे कशी पोचले ते सांगते. माझं माहेर बदलापूरच्या पलीकडचं, भातशेतीचं. सासरही बदलापूरलाच. आमचे हे अंबरनाथ एमआयडीसीत कंत्राटावर. कंत्राटावर म्हणजे मधूनमधून कंपनी 'ब्रेक' देते, आणि ब्रेक दिला की माणूस घरी बसतो, छताकडे बघतो आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणतो. म्हणून मी कॅम्प तीनमधल्या एका जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला लागले होते. शिवून, धुऊन आलेले पीस बघायचे, सुटलेले धागे कापायचे, बिघडलेला पीस बाजूला काढायचा. काम मला आवडायचं. पण ते होतं पीसवर. माल आला तर काम, नाहीतर घरी. आमच्या सेठला बाहेरच्या मोठ्या पार्ट्या मिळायला लागल्या होत्या आणि त्या पार्ट्यांची माणसं इंग्रजी बोलायची. सेठ एकदा म्हणाला, "ताई, तुम इंग्लिश सीख लो, तो तुमको पगार पे ले लूँ. पार्टी को माल दिखाना, बात करना." सेठ सहज बोलून गेला, पण मी ते पदराला गाठ मारून ठेवलं. पगारावर म्हणजे दर महिन्याला, ह्यांना ब्रेक असो नसो. मुलीच्या शाळेचं निदान धड बघता आलं असतं.

पहिल्या दिवशी क्लासात गेले तर सर उभे. ते कायम उभेच असायचे. पायात कंपनीतले सेफ्टी बूट, लोखंडी टोकाचे. नोकरी सोडून बरीच वर्षं झाली होती तरी ते बूट काही सुटले नव्हते. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि खाली ते बूट, असा तो अवतार. चहा समोर आला की तो पार थंडगार होऊन वर साय धरेपर्यंत ठेवायचे आणि मग एका दमात प्यायचे. आमच्यासारख्यांनाही 'अहो', आणि कॉलेजातल्या पोरांनाही 'अहो'. मला म्हणाले, "बोला ताई, एक वाक्य. 'रन' घालून."

मला शाळेतलं एवढंच आठवलं. मी म्हटलं, "आय रन इन द गार्डन."

"कुठलं गार्डन?"

बदलापूरला आमच्या बाजूला कसलं आलंय गार्डन.

"तुम्ही शेवटचं कधी धावलात?"

"सकाळी सर. गाडीसाठी."

"मग ते सांगा ना," सर म्हणाले. "खोटं वाक्य इथे चालत नाही."

हा त्यांचा नियम होता आणि त्यात सूट नव्हती. वाक्य खरं पाहिजे, तुमच्या स्वतःच्या आयुष्यातलं पाहिजे, आणि जमल्यास आत्ताचं पाहिजे. पुस्तकातलं वाक्य कुणी म्हटलं की सर असा चेहरा करायचे की वाटावं, ह्यांच्या ताटात कुणीतरी उष्टं वाढलं. 'रन'चे शंभर अर्थ असतील, पण जो अर्थ तुमच्या घरात घडत नाही तो तुम्हाला मिळायचा नाही. नळाचं पाणी वाहतं तो रन, नाक वाहतं तो रन, अंगात ताप असतो तोही रन, दुकान चालवणं रन, मशीन चालणं रन, गॅस संपला तरी रन आउट, आणि शेअर रिक्षा स्टेशनपासून कॅम्प चारपर्यंत चालते तोही रनच. सगळे अर्थ सर फळ्यावर लिहून मोकळे झाले असते तर एका तासात काम भागलं असतं. पण नाही. ज्याने त्याने आपापला अर्थ कमावून आणायचा.

आमच्यात पापड-खाकरे विकणारी एक सिंधी मावशी होती. ती एकदा मोठ्या ऐटीत म्हणाली, "सर, माय नोज इज रनिंग." सर पुढे आले, वाकून तिच्या नाकाकडे बघितलं आणि म्हणाले, "कुठे?" मावशीला सर्दी नव्हती. वाक्य रद्द. बिचारी सर्दीची वाट बघत बसली. मग एक दिवस लालभडक नाक घेऊन, शिंका देत, जिना चढून आली आणि दारातूनच ते वाक्य म्हणाली. तिला एवढा आनंद झालेला मी पुन्हा कधी बघितला नाही. सरांनी तिला तिथूनच परत पाठवलं आणि सुंठ घालून काढा घ्यायला सांगितलं.

नळाच्या वाक्याची तऱ्हा वेगळी. कॅम्प चारमध्ये पाणी कधी येईल ते पाणीच जाणे. क्लासच्या वेळात ते कधीच यायचं नाही, म्हणून 'द टॅप इज रनिंग' हे वाक्य कुणालाच म्हणता येत नव्हतं. शेवटी एका बाईंनी पाणी आल्याबरोबर घरून सरांना फोन लावला, वाक्य म्हटलं आणि पुरावा म्हणून फोन नळापाशी धरला. सर म्हणाले, "व्हेरी गुड. आता बोलत बसू नका, भरून घ्या."

आणि तो बँकेच्या परीक्षा देणारा मुलगा. त्याने ठोकून दिलं की मी रोज सकाळी मैदानात धावतो. त्याला वाटलं, कोण बघायला येतंय. दुसऱ्या दिवशी पहाटे सर सेफ्टी बूट घालून मैदानाच्या कोपऱ्यात उभे. मुलगा आलाच नाही. सर क्लासात एक शब्द बोलले नाहीत, पण त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा मैदानात हजर. हे त्या पोराला कुणीतरी सांगितलं, तेव्हा लाजेने का होईना तो यायला लागला. आधी धापा टाकत, मग बऱ्यापैकी. 'एव्हरी मॉर्निंग' म्हणालेला ना, मग रविवारीही सुटका नाही. पोट गेलं, गाल आत गेले, त्याची आई सरांना विचारायला आली की तुम्ही इंग्रजी शिकवता का कुस्ती. सर म्हणाले, "वहिनी, त्याचं वाक्य आता खरं झालंय." तो मुलगा आजही धावतो. बँकेत लागला तरी धावतो.

मला सरांचा रागही यायचा, खोटं कशाला सांगू. घरचं आवरून, बदलापूरहून येऊन, दिवसभर पीस तपासून माणूस क्लासाला जाणार, आणि हे म्हणणार, नाही ताई, हे वाक्य तुमचं नाही. एकदा मी चिडून म्हटलं, "सर, इंग्रजी बोलायला सगळं खरंच कशाला लागतं? लोक बोलतातच की काहीबाही."

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग त्यांनी एकदाच, त्या एकाच दिवशी, स्वतःबद्दल सांगितलं. ते अंबरनाथला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. शिफ्टचा साहेब परप्रांतातला होता, त्यामुळे सगळं इंग्रजीत. साहेब केबिनमधून फोनवर विचारायचा, पंप रनिंग? आणि हे सांगायचे, रनिंग सर. रोजचं झालं होतं. एक दिवस असंच न बघता सांगितलं. पंप बंद पडलेला होता. आतलं उकळतं पाणी वर आलं आणि सोबतच्या माणसाचा हात कोपरापर्यंत भाजला. तो वाचला, पुढे कामावरही आला, पण बाही कायम खाली सोडायला लागला.

"मराठीत विचारलं असतं ना ताई, की पंप चालू आहे का, तर मी उठून बघितलं असतं," सर म्हणाले. "इंग्रजीत बोलताना मला वाटायचंच नाही की मी काही बोलतोय. तोंडातून नुसता आवाज यायचा."

त्यानंतर मी त्यांच्याशी वाद घातला नाही. गाडीसाठी धावते, मशीन चालते, घरात तेल संपलंय, मुलीला ताप आहे, असं एकेक वाक्य मी गोळा करत गेले. सगळी माझी. हळूहळू 'रन'च्या आजूबाजूचे शब्दही आले, कारण एकट्या 'रन'ने वाक्य होत नाही. कधी आले ते कळलंही नाही. आणि एक विचित्र गोष्ट झाली, ती मला फार उशिरा कळली. मराठीत मी चांगली थापा मारू शकते. हिंदीत तर कामापुरतं रोजच मारावं लागतं, "आज बच्ची बीमार है सेठ" वगैरे. पण इंग्रजीत खोटं बोलायला मला कुणी शिकवलंच नव्हतं.

सेठकडे चेन्नईच्या एका पार्टीची ऑर्डर आली. गडद निळ्या जीन्स, मोठा लॉट. माल पाठवायच्या आधी पार्टीची मॅडम स्वतः बघायला येणार होती. तिला हिंदी येत नव्हती. सेठने मला बोलावलं आणि चक्क बसायला खुर्ची दिली. म्हणाला, "ताई, आपका टाइम आ गया. मॅडम खुश होके गयी, तो पहली तारीख से आप पगार पे." ह्यांना तेव्हा पुन्हा ब्रेक होता. मी घरी सांगितलं तर सासूबाई त्या दिवशी पहिल्यांदा सरांबद्दल काही वाकडं बोलल्या नाहीत. देवापुढे दिवा लावताना जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या.

मॅडम यायच्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं एक पीस घेऊन त्यावर ओला पांढरा फडका घासला. फडका निळा झाला. दुसरा पीस घेतला, तोही तसाच. वॉशिंगवाल्याने घाईत रंग पक्का करायचं सोडून दिलं होतं. मी फडका सेठला दाखवला. सेठने कपाळ चोळलं.

"एक-दो धुलाई में बैठ जाएगा," तो म्हणाला. "वापस भेजेंगे तो टाइम निकल जाएगा. मॅडम पूछेगी तो बोल देना, कलर नहीं जाएगा. बस इतना ही बोलना है."

आमचा सेठ वाईट माणूस नाही. माझ्या मुलीच्या आजारपणात त्याने स्वतःच्या गाडीतून आम्हाला दवाखान्यात पोचवलं होतं. तो फक्त घाबरला होता, आणि मीही घाबरले होते. मी मान हलवली. रंग जातो तोही रनच, म्हणून मनात वाक्य तयार केलं, द कलर विल नॉट रन. सोपं होतं. धागे कापता कापता पुटपुटत राहिले.

मॅडम आल्या. सावळ्या, उंच, सुती साडी, पायात साधी चप्पल. शिवण बघितली, चेन ओढून बघितल्या, मी इकडचं तिकडचं सांगत होते, त्या मान हलवत होत्या. सेठ मागे उभा राहून त्याच्या सिंधीत देवाचं नाव घेत होता. मग त्यांनी एक पीस उचलला आणि विचारलं, कलर पक्का आहे ना.

मी तोंड उघडलं. ते वाक्य काही बाहेर येईना. एवढ्या दिवसांत मी इंग्रजीत एकही गोष्ट अशी बोलले नव्हते जी झालेली नाही. सरांना मी घाबरले असेन असं म्हणाल, तर तसंही नाही. सर तिथे नव्हतेच. मला फक्त ते जमत नव्हतं, जसं काहींना पोहायला जमत नाही.

"नो मॅडम," मी म्हटलं. "द कलर विल रन."

सेठला इंग्रजी यथातथाच, पण 'नो' त्याला कळत होतं. मॅडमनी पर्समधून टिश्यू काढला, बाटलीतलं पाणी लावलं, घासला, निळा झालेला टिश्यू घडी करून पर्समध्ये ठेवला. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. उद्या कळवते म्हणाल्या आणि खाली उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसल्या.

सेठ ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. टेबलाच्या कडेला हात टेकून म्हणाला, "ताई, कल से मत आना." एवढंच.

मी तशीच क्लासात गेले. घरी जायची हिंमत नव्हती. सगळ्यांना झालेलं सांगितलं, तर पोरांनी टाळ्या वाजवल्या. पापडवाली मावशी म्हणाली, वाह बेटा. मला रडू आवरेना. सरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि ते बसले. आम्ही त्यांना बसलेलं कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे टाळ्या एकदम थांबल्या.

"म्हणजे नोकरी गेली?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"आणि मिस्टरांना ब्रेक आहे ना सध्या?"

"हो."

"अहो पण मी तुम्हाला ह्यासाठी नव्हतं शिकवलं," सर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. क्लास त्या दिवशी तिथेच सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात गेले ती फक्त माझी कात्री आणायला. चांगली कात्री होती, हाताला बसलेली. ती खालून उचलून सेठला सांगायला वर चढते तर सेठच्या टेबलासमोर सर उभे. ताजी इस्त्री, सेफ्टी बूट, दोन्ही हात मागे बांधलेले. मी दाराशीच थांबले. दोघांचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"सेठजी, गलती मेरी है," सर म्हणत होते. "ताई को बोलना था, कलर नहीं जाएगा. मैंने वाक्य उलटा सिखाया था. वो तो मेरा ही सिखाया हुआ बोली. उनका कोई दोष नहीं."

बोलताना त्यांच्या कपाळावरून घामाचे ओघळ गालावर येत होते. वाक्याच्या मध्येच श्वास घेत होते. इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं पारखलेला माणूस, आणि स्वतःचं एक खोटं वाक्य त्याला धड पेलवत नव्हतं. माझ्यासाठी आजवर माझ्या सख्ख्या भावानेही कुणापुढे हात जोडले नव्हते.

सेठने चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "साईं," तो सिंधी अदबीने म्हणाला, "आप झूठ बोल रहे हो ना?"

"हाँ," सर म्हणाले. लगेच. जराही न थांबता.

सेठ क्षणभर बघत राहिला आणि मग असा हसला की पलीकडच्या मशीनवरच्या बायका थांबून बघायला लागल्या. डोळे पुसत त्याने फोन पुढे केला. "मॅडम का सुबह मेसेज आया है. देखो क्या लिखा है. मेरी तो पढ़ने की हिम्मत नहीं हो रही."

सरांनी फोन घेतला, तेवढ्यात त्यांना मी दिसले. त्यांनी तो तसाच माझ्याकडे दिला. "तुम्ही वाचा ताई."

मी वाचला. एकेक शब्द लावत सावकाश वाचला. लिहिलं होतं की सगळा लॉट पुन्हा वॉशिंगला पाठवा, रंग पक्का करा, त्यासाठी आठवडा घ्या, मी पुन्हा येईन. आणि खाली एक ओळ. ज्या बाईंनी मला रंगाचं सांगितलं, माल त्यांनीच दाखवावा. मी ते सेठला हिंदीत सांगितलं.

"ऑर्डर कॅन्सल नहीं?"

"नहीं सेठ."

"और आगे?"

"आगे कुछ नहीं. बस मुझे ही दिखाने को बोला है."

सेठ खुर्चीत मागे टेकला. बराच वेळ पंख्याकडे बघत होता. मग माझ्या हातातल्या कात्रीकडे बोट करून म्हणाला, "वो रख दो वापस. पहली से पगार पे."

मला हो म्हणायची एवढी घाई झाली होती, पण आधी सांगून टाकलेलं बरं. "सेठ, मैं दिखाऊँगी. पर जैसा माल होगा, वैसा ही बोलूँगी."

"मुझे पता है," सेठ वैतागून म्हणाला. "वही तो मुसीबत है. अब जाओ, वॉशिंगवाले को फोन लगाओ."

मी सरांना सोडायला खाली आले. रस्त्यावर रिक्षा, हातगाड्या, जीन्सची गाठोडी डोक्यावर घेतलेली माणसं, सकाळची नेहमीची गर्दी. मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण त्या गर्दीत वाकायलाही जागा नव्हती. सर रुमालाने मान पुसत होते. कोपऱ्यापर्यंत तसेच चालले. मग एकदम थांबले.

"ताई, मी आज खोटं बोललो."

"हो सर."

"जमलं नाही ना?"

"अजिबात नाही जमलं, सर."

सर हसले. परीक्षेत नापास होऊनही घरी पेढे घेऊन जाणाऱ्या मुलासारखे हसले, आणि पुढच्या शेअर रिक्षात चढून निघून गेले.